प्रत्यारोपणानंतर फुफ्फुसात बुरशी : व्होरिकोनाझोल, रक्तातली पातळी आणि पुढचे महिने. अनुभव हवेत

भुईचाफा | ११ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४७, सातारा जिल्ह्यात शेती आणि दुभती जनावरं. दोन वर्षांपूर्वी त्याचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं, मूत्रपिंड आईने दिलं. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टिरॉइड ही औषधं रोज चालू असतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.२-१.३ वर स्थिर होतं. फेब्रुवारीत खोकला लागला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलं. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात छातीचा फोटो काढला, वरच्या बाजूला डाग दिसला. तिथे बारा दिवस सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. त्या दिवसांत त्याची लघवी लालभडक व्हायची, वहिनीला वाटलं आईच्या किडनीतून रक्तच चाललंय. ती रडायलाच लागली, म्हणून मी त्याला पुण्याला घेऊन आले.

पुण्यात सीटी झालं, दुर्बीण घालून फुफ्फुस धुतलेलं पाणी तपासलं. गॅलेक्टोमॅनन (बुरशीची खूण शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह, कल्चरमध्ये ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी. टीबीच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. दुसऱ्याच दिवशी व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं, आधी शिरेतून, आता २०० च्या गोळ्या दोन वेळा. टॅक्रोलिमस एकदम एक तृतीयांशावर आणलं. क्रिएटिनिन मात्र १.७ आहे.

आठवड्याने व्होरिकोनाझोलची रक्तातली पातळी केली, ती ०.४ आली. ती एकच्या वर हवी म्हणतात. काल डोस ३०० दोन वेळा केला. डॉक्टरही विचारात पडले आहेत, कारण गोळ्या मी स्वतः हातावर ठेवते, चुकलेली एकही नाही.

माझे प्रश्न :
हे औषध साधारण किती महिने चालतं?
पातळी अशी खाली का राहत असेल?
गोळी घेतली की अर्ध्या तासाने त्याला दिव्यांभोवती वलयं दिसतात, रंग भडक वाटतात. हे कुणी अनुभवलंय का?

आणि सगळ्यात अवघड म्हणजे दादा म्हणतो, "ताप गेला, खोकला गेला, आता कशाला एवढ्या महागाच्या गोळ्या?" त्याला काय सांगू?

---

नलिनीकाकू | ११ एप्रिल, रात्री ११:०५

भुईचाफा, काळजी घे गं. दादाला सांग, ती आईची किडनी आहे, आईसारखीच रोज विचारपूस केल्याशिवाय राहायची नाही. वहिनीलाही धीर दे. माहीतगार लिहितीलच.

---

रानजाई | ११ एप्रिल, रात्री ११:३२

डोळ्यांचं म्हणाल तर हो, अगदी असंच. माझ्या नवऱ्याला ल्युकेमियाच्या केमोनंतर व्होरिकोनाझोल होतं. पहिल्या आठवड्यात त्याला आमच्या हॉलची पिवळी भिंत चमकताना दिसायची. दर गोळीनंतर अर्धा-पाऊण तास टिकायचं आणि ओसरायचं. दोनेक आठवड्यांत कमी झालं. तेवढा वेळ गाडी चालवू देऊ नका, रात्री तर मुळीच नाही.

पण नसलेली माणसं दिसणं, मुंग्या दिसणं, बरळणं असं काही झालं तर थांबू नका, लगेच कळवा. त्याला एकदा पलंगावर मांजर दिसलं. तपासलं तर पातळी सातच्या वर गेली होती. डोस उतरवल्यावर तीन दिवसांत मांजर गेलं.

किती महिने? आम्हाला सुरुवातीला "कमीत कमी सहा ते बारा आठवडे" सांगितलं होतं, प्रत्यक्षात पाच महिने चालल्या. सीटीवरचा डाग किती उरलाय आणि प्रतिकारशक्ती किती दबलेली आहे, यावर ठरवतात. दादाच्या प्रतिकारशक्तीची औषधं तर कायमची आहेत, तेव्हा महिन्यांची तयारी ठेवा.

---

पायवाट | १२ एप्रिल, सकाळी ७:१०

एवढी महागडी औषधं कशाला? फ्लुकोनाझोलची गोळी मेडिकलमध्ये किती स्वस्त मिळते. बुरशी ती बुरशी. आमच्याकडे नायट्याला सगळे तीच घेतात.

---

सूक्ष्मदर्शी | १२ एप्रिल, सकाळी ८:२५

पायवाट, थांबा. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, तेव्हा हे नीट लिहिते.

बुरशी ती बुरशी नसते. फ्लुकोनाझोल कॅन्डिडाच्या बऱ्याच जातींवर चालतं, मेंदूच्या आवरणात जाणाऱ्या क्रिप्टोकॉकसवर चालतं. ॲस्परजिलसवर ते चालतच नाही. व्होरिकोनाझोल ॲस्परजिलसवर उत्तम, पण म्युकर या दुसऱ्या बुरशीवर निरुपयोगी. म्युकरला ॲम्फोटेरिसिन, आणि नंतर पोसाकोनाझोल किंवा आयसाव्हुकोनाझोल. कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन ही मंडळी मुख्यतः कॅन्डिडासाठी, क्रिप्टोकॉकसला ती चालत नाहीत. म्हणून तर आम्ही डॉक्टरांच्या मागे लागतो की तुकडा पाठवा, धुतलेलं पाणी पाठवा. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याला आडवे पडदे आहेत की नाहीत, फांदी कशी फुटते, एवढं दिसलं तरी औषध बदलू शकतं.

आता ही औषधं इतकी अवघड का, तेही सांगते. जिवाणू आपल्यापेक्षा फार वेगळे असतात, त्यांना मारताना आपल्या पेशी सहज वाचतात. बुरशी मात्र जीवसृष्टीच्या वंशवेलीत झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. तिच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीत कोलेस्टेरॉल. दोघं चुलत भावंडं. ॲम्फोटेरिसिन अर्गोस्टेरॉलला चिकटतं, पण थोडं कोलेस्टेरॉललाही चिकटतं, आणि मूत्रपिंड दुखावतं. व्होरिकोनाझोल अर्गोस्टेरॉल बनवणारं विकर (एन्झाइम) अडवतं. त्याच कुळातली विकरं आपल्या यकृतात औषधं जिरवायचं काम करतात, तीही अडतात. टॅक्रोलिमस एक तृतीयांशावर आणलं ते म्हणूनच, नाहीतर ते रक्तात साठत जातं.

नायट्याबद्दल : फ्लुकोनाझोल किंवा स्टिरॉइड मिसळलेली मलमं मनाने लावून आपण देशभर हट्टी नायटे करून ठेवले आहेत. कृपया तो सल्ला कुणालाही देऊ नका.

---

पायवाट | १२ एप्रिल, सकाळी ८:५०

माहीत नव्हतं. माझा प्रतिसाद मागे घेतो. भुईचाफा, क्षमस्व.

---

द्राक्षवेल | १२ एप्रिल, सकाळी ९:४०

निफाडकडचा बागायतदार आहे. सूक्ष्मदर्शी ताई, एक विचारायचं. आम्ही द्राक्षाच्या भुरी रोगावर हेक्झाकोनाझोल मारतो, टेब्युकोनाझोल मारतो. नावाच्या शेवटी तेच "कोनाझोल". हे एकाच घराण्यातलं आहे का?

---

सूक्ष्मदर्शी | १२ एप्रिल, सकाळी १०:१५

द्राक्षवेल, अगदी एकाच घराण्यातलं. आणि तुमचा प्रश्न लाखमोलाचा आहे. ॲस्परजिलस मातीत, पालापाचोळ्यात, खतात राहतो. शेतात या घराण्याची औषधं पडत राहिली की तिथल्या तिथे प्रतिकार करणारे वाण तयार होतात, आणि ते श्वासातून माणसात येतात. नेदरलँड्समध्ये हे आधी ठळकपणे लक्षात आलं, भारतातल्या माती-हवेच्या नमुन्यांतही असे वाण सापडले आहेत. ज्या रुग्णाने ही गोळी आयुष्यात घेतली नाही, त्याच्यातला ॲस्परजिलसही गोळीला दाद देत नाही, असं घडू शकतं.

भुईचाफा, कल्चरवर औषध-संवेदनशीलता (या वाणावर कुठलं औषध चालतं ती तपासणी) केली आहे का ते विचारून घ्या.

---

तिरफळ | १२ एप्रिल, दुपारी १२:३०

गुळवेल सुरू करा, प्रतिकारशक्ती वाढेल. सोबत हळद-दूध. आमच्या आजोबांना खूप गुण आला होता.

---

रानजाई | १२ एप्रिल, दुपारी १२:५५

तिरफळ, आजोबांना गुण आला हे चांगलंच. पण दादाची प्रतिकारशक्ती वाढवायचीच नाहीये हो! ती वाढली की आईच्या किडनीवरच चालून जाणार. ती मुद्दाम दाबून ठेवली आहे. शिवाय व्होरिकोनाझोलने यकृतावर आधीच ताण असतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. प्रत्यारोपण झालेल्या माणसावर तो वाद कुणी पारखून बघू नये.

---

तिरफळ | १२ एप्रिल, दुपारी १:२०

हा विचार केला नव्हता. पटलं. हळद भाजीत पडते तेवढी चालेल ना?

---

रानजाई | १२ एप्रिल, दुपारी १:२४

भाजीतली चालेल हो, हळदीशिवाय वरण कसं गिळायचं! :)

---

गोदाकाठ | १२ एप्रिल, दुपारी ३:४५

धागा वाचून राहवलं नाही. "बरं वाटतंय, गोळ्या कशाला" हे वाक्य मी माझ्या बाबांच्या तोंडून ऐकलंय.

मे २०२१. बाबांना जुना मधुमेह, करोना झाला, ऑक्सिजन लागला, स्टिरॉइड दिलं. घरी आले तेव्हा साखर चारशेच्या पुढे. आठव्या दिवशी गाल बधिर झाला, वरचे दात हलायला लागले. नाकातून तुकडा काढून तपासला, म्युकर. लोक तिला काळी बुरशी म्हणत, पण ती बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त बंद पडतं आणि मेलेला भाग काळा पडतो. बाबांच्या टाळूवर तो काळा डाग मी टॉर्च लावून पाहिला आहे.

वरचा उजवा जबडा काढावा लागला. आणि मग इंजेक्शन. तेव्हा ॲम्फोटेरिसिनचं वाटप सरकारी यंत्रणेतून होत होतं, रुग्णालयाने यादी द्यायची, जिल्ह्याला येतील तेवढ्या कुप्या वाटायच्या. लिपोसोमल, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म गोळीत गुंडाळलेलं, ते मूत्रपिंडाला सोसतं. बाबांना दिवसाला सहा कुप्या हव्या होत्या, कधी दोन मिळायच्या, कधी एकही नाही. मग मधले नऊ दिवस जुनं साधं ॲम्फोटेरिसिन दिलं. ते सुरू झालं की अर्ध्या तासात हुडहुडी भरायची, मे महिन्यात तीन ब्लँकेटं, आणि पलंग हलायचा. पोटॅशियम २.६ पर्यंत उतरलं, क्रिएटिनिन चढलं. रोज इंजेक्शनच्या आधी सलाइनची बाटली, रोज रक्त.

मे अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने हे इंजेक्शन बनवायला घेतल्याची बातमी आली. त्या दिवशी वॉर्डाबाहेर बसलेले आम्ही सगळे नातेवाईक एकमेकांना ती दाखवत होतो. आमच्यापैकी दोघांचे रुग्ण त्याच आठवड्यात गेले.

बाबा वाचले. जूनअखेर घरी आले, पोसाकोनाझोलच्या गोळ्या घेऊन. आणि तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, आता बस्स. गुपचूप सोडल्या. पंधरा दिवसांनी डोळ्यामागे दुखायला लागलं. पुन्हा एमआरआय, पुन्हा इंजेक्शन. डोळा वाचला तो थोडक्यात.

आज ते कृत्रिम टाळू बसवून जेवतात, भाकरी दुधात कुस्करून. भुईचाफा, तुमच्या दादाला माझ्या बाबांचं हे सांगा. हवं तर मी त्यांच्याशी फोनवर बोलेन.

---

नलिनीकाकू | १२ एप्रिल, दुपारी ४:१०

गोदाकाठ, वाचताना घशाशी आलं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

टाकणकळ | १२ एप्रिल, सायंकाळी ५:००

त्या वेळी ऑक्सिजनच्या बाटलीतल्या नळाच्या पाण्यामुळे म्युकर झाला असं म्हणायचे ना?

---

शुश्रूषा | १२ एप्रिल, सायंकाळी ६:१५

मी परिचारिका आहे, २०२१ मध्ये म्युकर वॉर्डातच होते. आमच्या वॉर्डात जवळजवळ प्रत्येकाची साखर बेफाम होती, आणि बहुतेकांना स्टिरॉइड मिळालेलं होतं. मी त्या दोन गोष्टींनाच मुख्य दोष देते. म्युकरचे बीजाणू हवेत असतातच, आपण सगळेच रोज ओढतो.

गोदाकाठ, हुडहुडीचं तुम्ही लिहिलंत आणि तो वॉर्ड डोळ्यांपुढे आला. ॲम्फोटेरिसिन फक्त पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच चालतं. सलाइनमध्ये मिसळलं की साका बसतो. म्हणून सलाइन आधी देऊन संपवायचं, नळी डेक्स्ट्रोजने धुवायची, मग औषध सावकाश सोडायचं. नव्या मुलींना मी हे तीन-तीनदा म्हणायला लावायचे.

लिपोसोमलबद्दल एक आवर्जून सांगते. त्याच्या भारतीय रूपाचं काम आपल्या मुंबईत, केईएममध्ये झालंय. डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातले डॉ. बच्छावत यांनी ते विकसित केलं. परदेशी औषध आपल्या रुग्णांच्या आवाक्याबाहेर असताना हे उभं राहिलं. याचा मला फार अभिमान आहे.

---

घाटमाथा | १२ एप्रिल, रात्री ९:२०

रुग्णालयात औषधनिर्माता आहे, अठरा वर्षं. धागा वरपासून दोनदा वाचला. भुईचाफा ताई, मूळ प्रश्नाकडे परत जातो, कारण तुमच्या पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य आहे, ते कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

बारा दिवस पुडीतल्या गोळ्या, आणि लघवी लालभडक.

त्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी एकदम तीन-चार घ्यायच्या होत्या का? घाम, अश्रूही केशरी दिसत होते का? तसं असेल तर त्यात रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध असण्याची दाट शक्यता आहे. डाग बघून टीबी धरून सुरू केलं असणार.

रिफाम्पिसिन यकृतातली तीच विकरं जोरात कामाला लावतं, जी व्होरिकोनाझोल अडवतं. त्यामुळे व्होरिकोनाझोल शरीरात टिकतच नाही, पातळी जवळजवळ शून्यावर येते. म्हणून ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नसतात. आणि रिफाम्पिसिन बंद केल्यावरही तो परिणाम साधारण दोन आठवडे रेंगाळतो. टॅक्रोलिमसचंही तेच, त्या बारा दिवसांत ते घसरलं असणार. क्रिएटिनिन १.७ होण्यामागे तेही असू शकतं.

हे माझं अनुमान आहे, निदान नाही. पण उद्या सकाळी डॉक्टरांना हे सांगाच. घाई अशासाठी की डोस आता ३०० केला आहे. रिफाम्पिसिनचा असर उतरत जाईल तशी व्होरिकोनाझोलची पातळी उसळी घेईल, टॅक्रोलिमसही चढेल. दोन्ही वारंवार तपासावी लागतील. रक्त सकाळची गोळी घेण्याच्या आधी द्यायचं. गोळी जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तासानंतर. टॅक्रोलिमसची कंपनी परस्पर बदलू नका. पपनस, ग्रेपफ्रूट बंद.

---

भुईचाफा | १२ एप्रिल, रात्री ९:४८

घाटमाथा, हात थरथरतोय लिहिताना. हो. सकाळी उपाशीपोटी, चार गोळ्या. वहिनीला आत्ता फोन केला. ती म्हणते, उशीचा अभ्रासुद्धा पिवळा-केशरी झाला होता. पुण्यात विचारलं तेव्हा आम्ही "अँटिबायोटिक दिलं होतं" एवढंच सांगितलं. पुडीवर नावच नव्हतं. सकाळी सात वाजता डॉक्टरांना गाठते.

---

नलिनीकाकू | १२ एप्रिल, रात्री ९:५५

जा गं. आणि आजपासून एक वही कर. तारीख, औषध, किती, कुणी दिलं. पुडी मिळाली तर पुडीही चिकटव वहीत. यांच्या बायपासनंतर मी सहा वर्षं केली आहे.

---

घाटमाथा | १२ एप्रिल, रात्री १०:०२

काकूंना शंभर टक्के अनुमोदन. आणि ताई, स्वतःला दोष देऊ नका. सुट्या गोळ्या नावाशिवाय देणं हाच मूळ दोष आहे. तुम्ही ती लघवी आठवून लिहिलीत म्हणून धागा सापडला.

---

टाकणकळ | १३ एप्रिल, सकाळी ११:३०

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून : मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के सवलतीत राखून ठेवायच्या असतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचाही अर्ज करता येतो. लाज वाटून घेऊ नका, हक्काचं आहे.

---

द्राक्षवेल | १४ एप्रिल, सकाळी ८:००

काय झालं ताई? सकाळपासून तीनदा धागा उघडून बघितला.

---

भुईचाफा | ५ मे, रात्री ९:१५

मंडळी, उशिराबद्दल माफ करा. सगळं नीट लिहिते.

डॉक्टरांनी ऐकलं आणि क्षणभर गप्प बसले. मग त्यांनी स्वतः तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला. रिफाम्पिसिनच होतं. त्यांनी वारंवार रक्त तपासायचं ठरवलं. पुढच्या पातळ्या अशा : ०.९, मग २.२, मग एकदम ५.८. त्या रात्री दादाला छपरावर कबुतरं बसलेली दिसत होती, कबुतरं नव्हती. रानजाई, मला तुमचं मांजर आठवलं आणि मी घाबरले नाही, सरळ फोन केला. डोस परत २०० वर आणला. परवाची पातळी ३.१. टॅक्रोलिमस मध्यंतरी चढलं होतं, तेही अजून उतरवून आता जागेवर आहे. क्रिएटिनिन १.४. संवेदनशीलतेचा अहवाल आला, व्होरिकोनाझोल या वाणाला लागू पडतं. सीटीवरचा डाग निम्म्याहून कमी झालाय.

गोदाकाठ, तुमच्या बाबांशी दादा बोलला. वीस मिनिटं. काय बोलले मला माहीत नाही, दादा सांगत नाही. पण त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ आठच्या गोळीची आठवण मला करावी लागत नाही.

एक प्रश्न उरला आहे. तो गोठ्यात कधी जाऊ शकेल? आजारी पडायच्या आधीच्या आठवड्यात त्याने भिजून बुरसटलेल्या कडब्याच्या गंज्या मोडल्या होत्या, हे आता कळलं.

---

सूक्ष्मदर्शी | ५ मे, रात्री १०:००

किती बरं वाटलं वाचून! बुरसटलेला कडबा म्हणजे ॲस्परजिलसचं माहेरघर. पेंढी हलवली की जो धूर उठतो तो धूळ नसते, बीजाणू असतात. कडबा, भुसा, शेणखत उकरणं, जुन्या भिंती पाडणं ही कामं आता दुसऱ्याने करायची, गोळ्या संपल्यावरसुद्धा. लांबून गुरं बघायला, धार काढताना अंगणात बसायला केव्हा जायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि जाल तेव्हा एन-९५ मुखपट्टी घट्ट बसवा.

---

घाटमाथा | ५ मे, रात्री १०:२०

एक राहिलं. व्होरिकोनाझोलवर ऊन फार लागतं, कातडी भाजते, आणि वर्षानुवर्षं चाललं तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका असतो. सातारचा मे आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी. आणि पुढे कधी हाडं दुखू लागली तर सांधेदुखी समजून सोडू नका. या औषधात फ्लोरिन असतं, लांबच्या उपचारात त्याने हाडांना सूज येते.

---

भुईचाफा | ६ मे, सकाळी ७:५०

वहीत लिहिलं दोन्ही. टोपी दादाकडे आहे, वहिनी आत्ता माळ्यावरून काढतेय. झटकू नकोस, धुऊन दे म्हटलंय.